शाळेच्या वेबसाइटवरची सूचना मोबाइल वाचूनच दाखवत नाही? दर जूनला येणारा हा प्रॉब्लेम कसा सोडवायचा

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो आणि त्याच्या जोडीला आमच्या तालुक्यातल्या सहा-सात मराठी माध्यमाच्या शाळांच्या वेबसाइट बघतो. बघतो म्हणजे काय, काही बिघडलं की फोन येतो. त्यातला एक फोन ठरलेला. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पंधरा दिवसांत कुणीतरी पालक तक्रार करतो की वेबसाइटवर सूचना टाकलीय म्हणता पण आमचा मोबाइल ती वाचत नाही. मग मी जातो, दुरुस्त करतो, आणि पुढच्या जूनला परत तेच. मागच्या वर्षी एका शाळेत प्रकरण जरा लागलंच, पाचवीतल्या एका मुलीच्या वडिलांना दिसत नाही, ते मोबाइल टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीवर, वापरतात, शाळेने शनिवारी सुट्टी जाहीर केली ती फक्त फोटो टाकून, आणि पोरगी सकाळी सातला बंद गेटसमोर उभी. वडील फोनवर मला म्हणाले, "सर, मी दोनदा उघडली सूचना. मोबाइल इमेज म्हणतो आणि गप्प बसतो."

तेव्हा म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आणि फुकटाकडून खर्चाकडे लावलाय, त्यामुळे वरून खाली जा, आणि प्रॉब्लेम सुटला की तिथेच थांबा, पुढचं सगळं करायलाच पाहिजे असं नाही.

लक्षणं आधी ओळखा

पालक किंवा विद्यार्थी "वाचत नाही" एवढंच सांगतात, पण त्या एका शब्दात चार-पाच वेगळे बिघाड लपलेले असतात. म्हणून नीट विचारा, नक्की काय होतंय?

- मोबाइल "इमेज" म्हणतो किंवा काहीच बोलत नाही.
- "व्हॉट्सअ‍ॅप इमेज दोन हजार चोवीस शून्य सहा..." असं लांबलचक फाइलचं नाव वाचतो.
- इंग्रजी अक्षरं बडबडतो, ई जे के बी एच असलं काहीतरी.
- मराठी वाचतो पण वेलांट्या, मात्रा भलतीकडेच, किंवा शब्द मध्येच तुटतात.
- अक्षरं बरोबर आहेत पण उच्चार परके, किंवा मराठी मजकूर आला की आवाजच बंद.
- वाचतो सगळं नीट, पण हवी ती सूचना सापडतच नाही, वीस वेळा "इथे क्लिक करा" ऐकावं लागतं.
- अ‍ॅडमिशनचा फॉर्म उघडतो पण कुठल्या रकान्यात काय भरायचं ते कळत नाही.

दिसणाऱ्यांच्याही तक्रारी यातच येतात बरं का. उन्हात उभं राहून पिवळी अक्षरं वाचता येत नाहीत म्हणणारे आजोबा, किंवा आमच्या मिरजेकडच्या शाळांत घरी कन्नड बोलणारे पालक, ज्यांना सूचना भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकायची असते आणि फोटोतली अक्षरं कॉपीच होत नाहीत.

पहिली तपासणी: पालकाचा फोन (खर्च शून्य, पाच मिनिटं)

आधी वेबसाइटला दोष देऊ नका. पालकाला मराठी विकिपीडियाचं कुठलंही पान उघडायला सांगा. ते नीट वाचलं गेलं तर फोन ठीक आहे, दोष आपल्याकडे. तेही वाचलं जात नसेल तर फोनच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट टू स्पीच शोधा आणि मराठी आवाजाचा डेटा डाउनलोड केलेला आहे का बघा. बऱ्याच फोनमध्ये इंग्रजी आणि हिंदीच असतो, मराठी वेगळा घ्यावा लागतो.

ही तपासणी मी पहिली ठेवतो कारण एकदा मी दोन दिवस एका साइटचं कोड उकरत बसलो होतो आणि नंतर कळलं की फोन नवीन होता, आवाजच भरलेला नव्हता. दोन दिवस गेले ते गेलेच.

आणि एक सावधगिरी, टॉकबॅक स्वतःच्या फोनवर चालू करून बघायचा मोह होतो. बघा जरूर, पण बंद कसा करायचा ते आधी शिका. टॉकबॅक चालू झाल्यावर एकदा टच केलं की फक्त वाचतो, उघडायला डबल टॅप लागतो, हे माहीत नसलेल्या आमच्या एका क्लार्कचा फोन अर्धा दिवस असा अडकला होता आणि ऑफिसभर फोन ओरडत होता.

दुसरी तपासणी: माउसने निवडून कॉपी करा (खर्च शून्य, दोन मिनिटं)

सगळ्यात कामाची तपासणी हीच. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सूचना उघडा, माउसने दोन ओळी निवडा, कॉपी करा, आणि व्हॉट्सअ‍ॅप वेबवर स्वतःलाच पाठवा. मोबाइलवर करू नका, हल्लीचे काही फोन फोटोतलीही अक्षरं उचलतात, मग फसायला होतं. आता काय पडलं ते बघा.

काहीच निवडलं जात नसेल तर तो फोटो किंवा स्कॅन आहे, तिसऱ्या तपासणीवर जा.

निवडलं गेलं पण पेस्ट केल्यावर इंग्रजी कचरा पडला तर जुना फॉन्ट आहे, चौथी.

मराठीच पडलं पण वेलांट्या उड्या मारतायत, तर पीडीएफ नीट बनलेली नाही, पाचवी.

एकदम स्वच्छ मराठी पडलं आणि तरीही मोबाइल नीट वाचत नाही, तर भाषेची सेटिंग, सहावी.

स्क्रीन रीडरला, म्हणजे टॉकबॅकसारख्या वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, पडद्यावरचं चित्र दिसत नाही, त्याला फक्त आतली अक्षरं मिळतात, आणि कॉपी-पेस्ट केल्यावर तुम्हालाही तीच आतली अक्षरं मिळतात. म्हणजे पेस्ट झालेलं तुम्ही वाचू शकत नसाल तर तोही वाचू शकणार नाही. एवढं एक ऑफिसला समजलं की अर्धं काम झालं.

तिसरी: सूचना फोटोच्या रूपात आहे

दहातले आठ फोन यातलेच असतात (हा माझा अंदाज, कुठे मोजलेलं नाही). आणि हे का होतं ते समजून घ्या, नाहीतर दर जूनला परत होणार. सूचनेचा प्रवास असा: क्लार्क शाळेच्या लेटरहेडवर टाइप करतो, प्रिंट काढतो, मुख्याध्यापक सही करतात, गोल शिक्का बसतो, मग कुणीतरी मोबाइलने त्याचा फोटो काढतो, तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो, आणि ग्रुपवरून डाउनलोड होऊन वेबसाइटवर चढतो. म्हणजे टाइप केलेला मजकूर मुळात होताच! आपणच तो कागदावर उतरवून मारला आणि वर त्याचं कलेवर अपलोड केलं.

मग उपाय काय? क्लार्कच्या कॉम्प्युटरवरची मूळ फाइल मागा. ती मिळाली आणि युनिकोडमध्ये (म्हणजे आतही मराठीच अक्षरं असलेली, हे चौथ्या तपासणीत येईल) असली तर मजकूर कॉपी करा, पानावर पेस्ट करा, खाली स्कॅन ठेवा. सही-शिक्क्याशिवाय सूचना अधिकृत वाटत नाही असं सर म्हणतात, त्यांचं म्हणणं मान्य करा, वाद घालू नका, शिक्क्याचा कागद खाली राहू दे. वर मजकूर आला की झालं.

मूळ फाइल नसेल तर गुगल ड्राइव्हवर स्कॅन टाका आणि गुगल डॉक्सने उघडा, मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखतो. पण आकडे हाताने तपासा. तारीख, वेळ, फी, फोन नंबर, हे चारही डोळ्यांनी मूळ कागदाशी जुळवा, कारण शब्द चुकला तर वाचणारा समजून घेतो, तारीख चुकली तर पालक चुकीच्या दिवशी येतो. शिक्का अक्षरांवर पडला असेल तर तिथली ओळ हमखास बिघडते. खरं सांगू का, शंभर शब्दांची सूचना असेल तर या भानगडीत न पडता मोबाइलच्या कीबोर्डवर माइक दाबून बोलून टाइप करा, जास्त लवकर होतं.

फोटोंचं काय? स्नेहसंमेलन, विज्ञान प्रदर्शन, वृक्षारोपण, हे फोटो असणारच. वर्डप्रेसमध्ये फोटो चढवताना पर्यायी मजकुराचा एक रकाना येतो, आपण सगळे तो रिकामा सोडतो. त्यात फोटोत काय आहे ते एका ओळीत लिहा. "फोटो १" नको, "कार्यक्रमाचे छायाचित्र" पण नको. "सातवीच्या मुली अंगणात लेझीम खेळताना" असं लिहा. फोटोवर लिंक असेल आणि हा रकाना नसेल तर बरेच स्क्रीन रीडर फाइलचं नाव नाहीतर लिंकचा पत्ता वाचत बसतात, ते व्हॉट्सअ‍ॅप इमेज दोन हजार चोवीस तिथून येतं. उलट नुसती शोभेची वेलबुट्टी असेल तर रकाना मुद्दाम रिकामा ठेवा, म्हणजे तो तिच्यावरून पुढे जातो.

आणि कृपा करून अख्खी सूचना त्या रकान्यात कोंबू नका. एका शाळेत तसं केलेलं पाहिलं, दोनशे शब्द एका दमात. ऐकणाऱ्याला मध्ये थांबता येत नाही, मागे जाता येत नाही, परिच्छेद कळत नाहीत. सूचना पानावर, फोटोचं वर्णन रकान्यात.

चौथी: जुन्या फॉन्टचं भूत

पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरं पडली तर मजकूर कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी असल्या कुठल्यातरी फॉन्टमध्ये टाइप झालेला आहे. हे फॉन्ट युनिकोड सर्रास होण्याच्या आधीचे. यात आत अक्षर इंग्रजीच असतं, फक्त त्याला कपडे मराठी चढवलेले असतात. कृतिदेवमध्ये "मराठी" हा शब्द आतून ई जे के बी एच असा असतो, तेव्हा मोबाइल तेच वाचतो, त्याची काही चूक नाही. गुगलवरही शाळेची ही पानं मराठीत शोधून सापडत नाहीत ती यामुळेच, आणि तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर दिसणाऱ्यालाही कचराच दिसतो.

युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा आहे, क म्हणजे कुठेही क-च. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. ऑनलाइन कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण ज्या फॉन्टमध्ये टाइप केलंय त्याचाच कन्व्हर्टर लागतो, कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला चालत नाही, आणि श्रीलिपीतही एकच प्रकार नाही. फॉन्टचं नक्की नाव वर्डमध्ये वर दिसतं, ते आधी लिहून घ्या. रूपांतर झाल्यावर या जागा बघा: रफार (कार्यालय, वर्ग, अर्ज), ऱ्हस्व वेलांटी जोडाक्षरावर आली तिथे, कंस, टक्क्याचं चिन्ह, आणि आकडे. माझा अनुभव असा की "विद्यार्थी" हा शब्द नीट आला तर बाकीचं बहुतेक नीट येतं, त्यात वेलांटी, जोडाक्षर, रफार सगळंच आहे.

आता खरी अडचण. कन्व्हर्ट करून दिलं तरी पुढची सूचना क्लार्क परत जुन्या फॉन्टमध्येच टाइप करतो. आळस म्हणून नाही, वीस वर्षं त्याचा हात रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डवर, बसलाय, त्याला तुम्ही इनस्क्रिप्ट हा वेगळा कीबोर्ड शिका म्हणालात तर तो मान डोलावेल आणि उद्यापासून परत तेच करेल, मी असतो तर मीही केलं असतं. म्हणून त्याला सांगा की तुमची टायपिंगची पद्धत तीच ठेवा, फक्त फॉन्ट बदला. युनिकोडमध्येही रेमिंग्टन लेआउटचे कीबोर्ड मिळतात. एक-दोन चिन्हं इकडे-तिकडे होतात, आठवडाभर कुरकुर होते, मग बसतं. हे मी तीन शाळांत केलं आणि त्या तिन्ही शाळांतून या कारणाचा फोन परत आलेला नाही, बाकी कारणांचे येतात.

छपाईसाठी डीटीपीवाल्याकडून आलेलं मॅटर, म्हणजे वार्षिक अंक, माहितीपुस्तिका, त्यात हाच प्रकार असतो. ऑर्डर देतानाच सांगा की छापील फाइलसोबत युनिकोडमधला मजकूरही पाहिजे. नंतर मागितला की वेगळे पैसे सांगतात.

पाचवी: पीडीएफमधल्या उड्या मारणाऱ्या वेलांट्या

वर्डमध्ये युनिकोडमध्ये नीट टाइप केलेलं, पीडीएफ दिसायला झकास, पण कॉपी केलं की "शिक्षक"चं भलतंच काहीतरी. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी लिहिताना आधी दिसते आणि साठवताना नंतर येते, जोडाक्षरांचे आकार वेगळे, आणि पीडीएफ मुळात आकार जपते, आकारावरून अक्षर परत ओळखताना घोळ होतो.

आधी हे करा: प्रिंट देऊन पीडीएफ काढू नका, वर्डच्या सेव्ह अ‍ॅजमधून पीडीएफ निवडा आणि ऑप्शन्समध्ये डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्जची जी टिक असते ती चालू ठेवा. लिब्रेऑफिस वापरत असाल तर एक्स्पोर्ट करताना टॅग्ड पीडीएफची टिक. प्रिंटमधून काढलेल्या पीडीएफमध्ये हेडिंग कुठलं, तक्ता कुठला, ही माहिती निघून जाते. मग परत कॉपी-पेस्टची तपासणी करा.

तरीही बिघडलं तर पीडीएफशी कुस्ती खेळू नका, मजकूर सरळ पानावर टाका. माझं मत विचाराल तर शाळेच्या रोजच्या सूचनेला पीडीएफ लागतच नाही. छापून भिंतीवर लावायचं असेल तर पीडीएफ, वाचायचं असेल तर पान.

सहावी: पानाची भाषाच चुकलेली

मजकूर स्वच्छ युनिकोड आहे पण उच्चार परके. वेब पानाच्या सुरुवातीला कोडमध्ये भाषेची एक खूण असते, तिथे इंग्रजीसाठी ई एन आणि मराठीसाठी एम आर लिहायचं असतं. बहुतेक शाळांच्या साइट इंग्रजी टेम्प्लेटवर उभ्या असतात, तिथे ई एन तसाच राहतो. मग स्क्रीन रीडर ती खूण मानून मराठी मजकूर इंग्रजी आवाजाकडे देतो, आणि पुढे काय होईल ते फोनवर आणि आवाजावर, कुणी गप्प बसतं, कुणी तुटक वाचतं, कुणी हिंदीसारखं हेल काढतं.

वर्डप्रेस असेल तर सेटिंग्ज, जनरल, साइट लँग्वेज, मराठी निवडा, सेव्ह. बस. मात्र असं केलं की आतला डॅशबोर्डही मराठीत येतो आणि अपलोड करणाऱ्या मॅडम घाबरून फोन करतात, त्यांना त्यांच्या प्रोफाइलमध्ये जाऊन भाषा परत इंग्रजी करता येते, साइट मराठीच राहते. हा फोन मला तीनदा आलाय म्हणून आधीच सांगतोय.

सातवी: सापडत नाही म्हणजे काय

इथून पुढे फोन नको, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए (NVDA) हा स्क्रीन रीडर टाका. फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये ते सुरू केलं, त्यांना स्वतःला दिसत नाही. त्याच्याबरोबर येणाऱ्या ईस्पीक या बोलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आवाज आहे, जरा यंत्रासारखा बोलतो पण तपासायला पुरतो. आवाज नको असेल तर टूल्समध्ये स्पीच व्ह्यूअर आहे, तो जे बोलेल ते लिहूनही दाखवतो. आणि बंद करायला इन्सर्ट आणि क्यू.

शाळेचं पान उघडून इन्सर्ट आणि एफ सात दाबा, सगळ्या लिंकची यादी येते. एका शाळेत माझ्यासमोर अशी यादी आली: इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, अधिक वाचा, इथे क्लिक करा. मी मुख्याध्यापकांना खुर्चीवर बसवून विचारलं, सर यातली दहावीच्या निकालाची कुठली? त्या दिवसापासून त्या शाळेत लिंकला नाव देतात. "आरटीई २५ टक्के प्रवेश, कागदपत्रांची यादी" असं लिहा, लिंक लांब झाली तरी चालेल.

दुसरं म्हणजे हेडिंग. आपण अक्षर मोठं आणि ठळक करतो आणि त्याला हेडिंग समजतो. स्क्रीन रीडरला ते साधंच वाक्य. न दिसणारी माणसं पान वरून खालपर्यंत ऐकत नाहीत, तुम्ही तरी पेपर पहिल्या ओळीपासून वाचता का, ती हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारत जातात, एनव्हीडीएमध्ये एच दाबून. तेव्हा एडिटरमध्ये हेडिंग दोन, हेडिंग तीन हे खरे पर्याय वापरा. पानाचं नाव हेडिंग एक, महिना हेडिंग दोन, प्रत्येक सूचना हेडिंग तीन, नवी वर. जुन्या वर्षांच्या सूचना वेगळ्या पानावर हलवा, २०१९ ची कोजागरीची सूचना आज कुणाला हवीय.

आठवी: रंग आणि पळणाऱ्या ओळी

थोडक्यात सांगतो. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे साध्या अक्षरात आणि मागच्या रंगात निदान ४.५ ला १ एवढा फरक पाहिजे, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. आपल्या शाळांचा लाडका लाल पट्टीवरचा पिवळा मजकूर भरतो साधारण ३.७. पांढऱ्यावर लालभडक जेमतेम ४. पांढऱ्यावर पिवळा विचारूच नका, १.०७. गडद निळ्यावर पांढरा करा, सुखी राहाल. वेबएमचा (WebAIM) कॉन्ट्रास्ट चेकर फुकट आहे, दोन रंग टाकले की आकडा देतो.

पळणारी पट्टी काढा. आपोआप हलणारी गोष्ट पाच सेकंदांपेक्षा जास्त चालत असेल तर ती थांबवायची सोय पाहिजे असा नियम आहे, आणि आपल्या पट्टीला ब्रेक नसतो. ट्रस्टी म्हणतात साइट मेल्यासारखी वाटते. वाटू दे. ओळींमधलं अंतरही जरा वाढवा, इंग्रजीच्या मापाने ठेवलं की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत घुसतात.

नववी: तक्ते आणि फॉर्म (इथे वेळ जातो)

वेळापत्रकाच्या तक्त्यात "मधली सुट्टी" सहा दिवसांवर आडवी पसरवलेली असते, एकत्र केलेले रकाने. डोळ्याला छान, पण ऐकणाऱ्याला "तास चार" कुठल्या वाराचा ते कळत नाही. रकाने फोडा, प्रत्येक वारी मधली सुट्टी वेगळी लिहा, आणि तक्त्याच्या सेटिंगमध्ये पहिली ओळ हेडर म्हणून चालू करा. हेडर असलं की तो "बुधवार, गणित" असं वाचतो, नसलं की नुसतं "गणित". तक्ता फारच गुंतागुंतीचा असेल तर वारानुसार सरळ यादी करा.

फॉर्ममध्ये बघायचं ते रकान्याचं नाव. रकान्याच्या आत फिकट अक्षरात "विद्यार्थ्याचे नाव" लिहिलेलं असतं, टाइप करायला लागलं की ते गायब. नाव रकान्याच्या बाहेर, वर, कायम दिसणारं, आणि त्या रकान्याला जोडलेलं पाहिजे. जोडलंय का ते तपासायला त्या नावावर क्लिक करा, कर्सर रकान्यात गेला तर जोडलंय. फॉर्म प्लगइनचा असेल तर हे सेटिंगमध्ये होतं. तात्पुरता उपाय म्हणून गुगल फॉर्म लावा, त्यात हे सगळं बऱ्यापैकी आधीच असतं, फक्त आधार नंबर वगैरे त्यात मागू नका.

दहावी: माउस बाजूला ठेवा, आणि इथेच बहुतेक थांबायचं

माउस उलटा करून ठेवा आणि फक्त टॅब, शिफ्ट टॅब, एंटर यांवर साइट चालवा. आपण कुठे आहोत ते दाखवणारी चौकट दिसते का? मेनू उघडतो का? प्रवेश सुरू म्हणून येणारा पॉपअप एस्केपने बंद होतो का, की त्यातच अडकतो? कॅप्चा फक्त चित्राचा आहे का? हात नीट न चालणाऱ्या मुलांना आणि स्क्रीन रीडरवाल्यांना हाच रस्ता असतो.

पॉपअप प्लगइन बंद करणं तुमच्या हातात आहे, ते करा. बाकी इथे बिघाड निघाला तर तो थीमच्या, म्हणजे साइटच्या तयार साच्याच्या, कोडमध्ये आहे, आणि तिथे तुम्ही हात घालू नका. मी घातलाय. एका शाळेची साइट निकालाच्या आदल्या रात्री पांढरी फटक पडली होती, बॅकअप नव्हता, आणि सकाळी आठला मुख्याध्यापकांना काय सांगायचं हे मी रात्रभर पाठ करत होतो.

प्रोफेशनलला बोलवायचं ते कधी

थीमच्या फाइलमध्ये बदल करावा लागत असेल तर. जुन्या फॉन्टमधली शेकडो पानं थेट डेटाबेसमध्ये असतील तर. फी भरायचं किंवा निकालाचं लॉगिन पोर्टल असेल तर, तिथे पैसे आणि मुलांची माहिती आहे, प्रयोग नकोत. साइटचा बॅकअप कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नसेल तर आधी बॅकअप, मग बाकी. आणि साइटवर अनोळखी जाहिराती दिसायला लागल्या असतील तर हा सुलभतेचा प्रॉब्लेमच नाही, साइट हॅक झालीय, काहीही न करता लगेच फोन लावा.

बोलावल्यावर काय मागायचं ते लिहून द्या: डब्ल्यूसीएजी (WCAG) २.१, म्हणजे वर सांगितलेले वेब सुलभतेचे नियम, त्यांची एए पातळी, आणि काम झाल्यावर आपल्यासमोर एनव्हीडीएवर, माउस न वापरता, एक सूचना शोधून आणि एक फॉर्म भरून दाखवायचा. हे दाखवायला तयार नसेल तर दुसरा बघा. कोपऱ्यात अ+ अ- ची बटणं किंवा व्हीलचेअरचं चिन्ह लावून "साइट सुलभ झाली" म्हणणारे बरेच भेटतात. त्या बटणाने फोटोतल्या सूचनेचा मजकूर होत नाही. लाइटहाउस या गुगलच्या तपासणीच्या साधनाचा शंभरपैकी शंभरचा स्क्रीनशॉटही पुरावा धरू नका, रकान्यात "फोटो १" लिहिलेलं असलं तरी त्याला ते चालतं.

संस्था पैसे द्यायला का-कू करत असेल तर दोन गोष्टी सांगा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये कलम ४२ माहिती सर्वांना वापरता येईल अशी असण्याबद्दलच आहे. आणि ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग धरलाय. मी हे कागदावर लिहून नेतो, तोंडी सांगितलं की चहा येतो आणि विषय बदलतो.

राहिलं जुन्या स्कॅनचं. सगळे बदलत बसू नका, कुणाचंच होत नाही ते. चालू वर्षाच्या सूचना, प्रवेश, फी, वेळापत्रक आणि संपर्क एवढं आधी. बाकी जुन्या पानावर वर एक ओळ टाका की या सूचना स्कॅन आहेत, मजकूर हवा असल्यास शाळेच्या कार्यालयाला फोन करा, आणि नंबर मजकुरात लिहा, फोटोत नको. त्या पाचवीतल्या मुलीच्या वडिलांचा नंबर मी माझ्याकडे ठेवलाय, जूनची पहिली सूचना चढली की त्यांनाच आधी उघडायला सांगतो. यंदा उघडली त्यांनी, वाचली गेली, फक्त वेळ चुकीची टाइप झाली होती, सातऐवजी सतरा. ती त्यांनीच सांगितली.